काळयंत्रातले जावयबापू

प्रोफेसर विश्वंभर यंदा चेहरा बदलणार, ही बातमी वाडीत फुटली त्या दिवशी श्रीधर साडवलकरांनी स्टँडवरून देवरूखची गाडी दोनदा पुकारली आणि सावर्ड्याची एकदाही पुकारली नाही. सावर्ड्याची माणसं बाकांवर पाय हलवत बसून राहिली, गाडी आली तशी निघून गेली, आणि मग चौकशीच्या खिडकीशी जो गलका उठला तो ऐकून साडवलकरांना वाटलं, झालं, आले मारायला! ते टेबलाखाली वाकून पडलेलं पेन शोधू लागले. पेन त्यांच्या कानावर होतं.

कारण प्रोफेसरांचा नवा चेहरा म्हणजे खुद्द साडवलकरांचाच चेहरा होता.

आमची वाडी मिरकरवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, कातळाच्या सड्याच्या उतारावर आहे. इतर गावांत चैत्रातल्या उत्सवाला राजे, राक्षस नि पतिव्रता रंगमंचावर येतात. आमच्याकडं, माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी, केरूमास्तरांनी विज्ञानाचं नाटक लिहिलं आणि त्यानंतर दर उत्सवाला त्याचा नवा भाग होत आला. प्रोफेसर विश्वंभर काळयंत्रात बसतात आणि कधी मंगळावर जातात, कधी पुढच्या शतकातल्या रत्नागिरीत, जिथं हापूसच्या झाडाला बटण असतं. नाटकावर वाडीचा इतका जीव, की मुंबईचे चाकरमानी गणपतीची रजा वाचवून चैत्रात येत. आणि एक वर्ष सोडलं तर प्रोफेसर कायम एकच होते, रावजी. भरदार मिशी, खर्जातला आवाज, वर वाडीचे पहिले मानकरी. रावजी यंत्रातून बाहेर पडले की बायका कडकडा बोटं मोडून त्यांची दृष्ट काढत.

गेल्या वर्षी काय झालं, की नाटकाआधीचा मानाचा नारळ उत्सवाच्या मंडळानं चुकून आधी केरूमास्तरांच्या हातात दिला. रावजी मंगळावर जाऊन आले, तोंड धुतलं, आणि "फुडल्या वर्साला नारळालाच यंत्रात बसवा," असं सांगून घरी गेले. त्यानंतर वर्षभर मंडळ त्यांचे पाय धरत होतं आणि रावजी पाय आखडून घेत होते.

शेवटी देवळात बैठक भरली. गावकऱ्यांतला एकही माणूस रावजींच्या जागी उभा राहायला धजेना. साडवलकर नेहमीसारखे मागं खांबाला टेकून बसले होते. ते मूळचे देवरूखकडचे. बायको विमला या वाडीची, रावजींची सख्खी पुतणी. स्टँडवरची नोकरी लागल्यावर मेव्हण्यानं दिलेल्या तुकड्यावर साडवलकरांनी घर बांधलं, इथलं पाणी पिऊन पोरं मोठी केली, देवळाच्या कौलांसाठी वर्गणी दिली. पण वाडीच्या लेखी ते जावई. जावयाला पहिला चहा मिळतो, खुर्ची मिळते, "ओ, आपण" मिळतं. बैठकीत मात्र त्याला मत नसतं, देवापुढं गाऱ्हाणं घालायचा हक्क नसतो (तो मूळच्या घराण्यांतल्या गावकारांचा), आणि बाकीचे एकमेकांच्या पाठीवर थापा मारून मनसोक्त शिव्या देत असतात तेव्हा तो आला की सगळे अदबीनं गप्प बसतात. साडवलकरांना या अदबीचा मनापासून वीट आला होता. मरताना तरी कोणी आपल्याला अरे-तुरे करावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

अशा माणसाकडं वळून केरूमास्तर म्हणाले, "आपल्या गावातला कोण तरी उभा ऱ्हायाला होवा. जावयबापू, तुमचा आवाज रोज अर्धा तालुका ऐकतो."

"आपल्या गावातला" हे दोन शब्द साडवलकरांच्या कानात असे काही शिरले, की पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. ते हो म्हणून बसले. घरी परतताना मास्तरांनी खरं कारण सांगून टाकलं. "तसा तुमच्यावर कोण हात टाकनार नाय ओ. जावयाला मारायची आपल्यात रीत नाय."

त्या रात्री साडवलकरांनी घराला आतून दोन कड्या लावल्या.

मागं एका वर्षी रावजींना कांजिण्या आल्या तेव्हा सावर्ड्याहून एक हौशी नट आणला होता. दुसऱ्या प्रवेशापर्यंत वाडीनं त्याला सोसलं. नंतर चैत्रात आमच्याकडं मुबलक असलेल्या काजूच्या बोंडांचा असा वर्षाव झाला, की तो चंदेरी पोशाखातच पळत स्टँडवर आला. त्या संध्याकाळी साडवलकर ड्युटीवर होते. डोक्यावर अँटेना लावलेला तो माणूस चिपळूणच्या गाडीत चढताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. बोंडाचा रस कपड्यावर पडला की डाग जात नाही, आणि माणसावर पडला तरी तेच. तो नट पुन्हा रत्नागिरीत दिसला नाही. पण त्याला पळायला सावर्डं तरी होतं. साडवलकरांचं घर इथंच होतं, सासुरवाडी इथंच होती. आपल्यावर बोंडं पडली तर उद्यापासून याच वाटेनं, याच माणसांसमोरून स्टँडवर जायचं, या विचारानं त्यांच्या हातातला घास हातातच राही.

इकडं वाडीत वादाला नुसता ऊत आला. दादूच्या केशकर्तनालयात अर्धी दाढी झालेली माणसं साबण सुकेपर्यंत भांडत. केरूमास्तरांनी नव्या भागात शास्त्रीय खुलासा घातला होता: काळाच्या भट्टीतून जाताना प्रोफेसरांचे अणुरेणू विस्कटले आणि नव्यानं जुळताना चेहरा बदलला. दादूला हे पटलं होतं. त्याचं म्हणणं, आपली खेकड्याची कुर्ली नाही का जुनं कवच टाकून नवं घेत?

"कुर्ली कवच टाकते, पन कुर्लीच ऱ्हाते," यमुनाबाई दारातूनच म्हणाली. "बांगडा नाय होत."

यमुनाबाई मिरकरवाड्यात मासे विकायची आणि पहिल्या भागापासून दर वर्षी पुढच्या रांगेत बसायची. तिचा शब्द नाटकाच्या बाबतीत शेवटचा. त्यावर कोणी विचारलं, चेहरा बदलला हे एक वेळ ठीक, पण मंगळावरून परतताना तो नेमका देवरूखचा कसा झाला? दादूच्या खुर्चीत त्या वेळी साडवलकर बसले होते, गळ्याशी वस्तरा होता, आणि दादू विचारात पडला होता. ते अर्ध्या दाढीनिशी उठून घरी आले.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई पाटी घेऊन चौकशीच्या खिडकीशी उभी राहिली.

"जावयबापू, तुमचा आमचा काय वैर नाय," ती अत्यंत मायेनं म्हणाली. "पोरगी दिलीय तुमाला. पन रावजीचा परफेसर बगताना माजा न्हवरा शेवटचा हसला व्हता. आमी बोंडा आननार. लागला तर राग धरू नका. डोळं तेवडं मिटून घ्या."

"पण यमुनाबाई, नाटक न बघताच?"

"नाय नाय, बगून मंग. आमी काय रानटी हाव?"

सगळे असेच. जावई पडले ना, धमकीसुद्धा मान राखून. कोणी वाटेत थांबवून म्हणे, आपण जुने कपडे घाला. कोणी म्हणे, आपली तब्येत नाजूक, पळायला मागचं दार उघडं ठेवू. एकानं तर घरी येऊन विचारलं, की आपल्याला बोंडं पिकलेली चालतील की हिरवी? हिरवी जरा लागतात. विमलानं त्याला चहा दिला.

"तू कोणाच्या बाजूची आहेस?" साडवलकरांनी तो गेल्यावर विचारलं.

"तुमच्याच की," विमला म्हणाली. मग तिनं वरवंटा पुढं ओढला. "पण रावजीकाका ते रावजीकाकाच ना!"

पोलीस चौकीवर वेगळंच त्रांगडं झालं. ध्वनिक्षेपकाची परवानगी काढायला साडवलकर स्वतःच गेले, कारण मंडळातले बाकीचे त्या दिवशी एकाएकी आजारी पडले होते. हवालदारांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"मुख्य नट श्रीधर साडवलकर? इथं दर वर्षी रावजी असतात."

"यंदा बदललेत."

"असं कसं बदलता येईल? मी या नाटकाला बंदोबस्ताला म्हणून येतो नि बंदोबस्त सोडून बघत बसतो. मुख्य नट बदलला तर शांतताभंग होणार. म्हणजे मीच करणार. मूळ नटाची ना हरकत आणा."

हरकत हाच ज्या माणसाचा स्वभाव, त्याची ना हरकत आणायची! साडवलकर रावजींच्या अंगणापर्यंत गेले आणि तीनदा परत फिरले. चौथ्यांदा रावजींनीच ओटीवरून हाक मारली. त्यांनी जावयाला पाट दिला, कोकमाचं सरबत दिलं, कागद वाचला आणि सही केली. साडवलकरांना हायसं वाटणार एवढ्यात रावजी खर्जात म्हणाले, "सही देतो. आपल्याला नाय कसा म्हननार! फकस्त आमच्या पुतनीच्या कुकवाचा इचार करा, जावयबापू." साडवलकरांनी सरबत अर्धंच ठेवून चपला घातल्या.

एक मन्सूर तेवढा धीर द्यायला आला. मन्सूर शेजारच्या मोहल्ल्यातला, कुवेतला क्रेन चालवायचा आणि रजेवर आला की नाटकाला काही ना काही आणायचा. चंदेरी कापड त्याचंच. तो म्हणाला, "घाबरताव कशाला? तिकडं टीव्हीवर मी येक विलायती सिरेल बगायचो. अशीच यंत्राची. कवापासून चाललीय. तितं पन हिरो बदलत्यात. बदलला की मानसां बोंब मारत्यात, टपालानं शिव्या धाडत्यात, आनि दुसऱ्या म्हयन्यात त्यालाच डोक्यावर घेत्यात."

साडवलकरांचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला. "खरं सांगतोस?"

"अल्लाकसम. पन तो हिरो लंडनला ऱ्हातो," मन्सूर विचार करून म्हणाला. "लोकांच्या हाताला लागत नाय."

उत्सवाचा दिवस उजाडला. ध्वनिक्षेपक लवकर बंद करायच्या अटीमुळं नाटक दिवेलागणीलाच सुरू व्हायचं होतं. दिवसाची तलखी अजून उतरली नव्हती. साडवलकर तो चंदेरी झगा घालून काळयंत्रात बसले. काळयंत्र म्हणजे मिरकरवाड्यातल्या मुसा बर्फवाल्याची मासे ठेवायची भलीमोठी लाकडी पेटी, उभी करून वरून रंगवलेली. आतून ती पेटीच होती. सुरमईच्या वासानं आणि चैत्रातल्या उकाड्यानं साडवलकर फटीशी नाक लावून बसले. फटीतून त्यांना पुढची रांग दिसली. यमुनाबाईच्या मांडीवर टोपली होती. तिच्या शेजारणीच्या मांडीवरही टोपली होती. हवालदार बंदोबस्ताला आले होते आणि त्यांच्या टोपीत बोंडं होती.

पडदा उघडण्याआधी गाऱ्हाणं असतं. मानकऱ्यानं देवाला मोठ्यानं एकेक गोष्ट सांगायची आणि साऱ्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. या शब्दांवर वाडीत कोणाचाही ताबा नाही. कानावर "म्हाराजा" पडलं की हात जुळतात नि तोंडातून व्हय निघतं, माणूस झोपेत असो की जेवत असो. आणि एकदा देवापुढं व्हय म्हटलं की ते मागं घेता येत नाही. मानकरी रावजीच. नाटक सोडलं तरी मान त्यांनी सोडला नव्हता. ते उठले, पडद्याकडं तोंड केलं आणि खर्ज लावला.

"बा देवा म्हाराजा, तुज्या लेकरांनी आज खेळ मांडलाय..."

"व्हय म्हाराजा!"

"खरा कोन नि खोटा कोन, ता तूच दाकव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साऱ्या वाडीचा हुंकार पेटीच्या फळ्यांना थडकला. आतमध्ये साडवलकरांनीही हात जोडून हळूच व्हय म्हटलं, मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कशाला व्हय म्हणालो, आणि त्यांनी जोडलेले हात झटकन सोडले.

पडदा उघडला. केरूमास्तरांनी मन्सूरच्या उदाचा धूर सोडला. ठरल्याप्रमाणं घंटा वाजली, आणि प्रोफेसर काही बाहेर आले नाहीत, कारण पेटीचं लाकडी दार दमट हवेनं फुगून घट्ट बसलं होतं. आतून धडका सुरू झाल्या. लोकांना तो यंत्राचा आवाज वाटला. काहींनी टाळ्याही दिल्या. चौथ्या धडकेला दार उघडलं आणि साडवलकर धुरासकट रंगमंचाच्या मधोमध येऊन पडले.

ते उठून उभे राहिले. समोर अख्खी वाडी. टाळ्या थांबल्या. यमुनाबाईनं टोपलीतलं एक लालबुंद बोंड उचलून हातात तोललं, तिच्यामागं रांगेरांगेनं हात टोपल्यांत गेले. "काळाच्या भट्टीतून जाताना" हे पहिलं वाक्य साडवलकरांनी महिनाभर स्टँडवर, विहिरीवर, झोपेत घोकलं होतं. ते आता आठवेना. डोक्यात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. नुसती भीती होती, लहानपणी विहिरीत पडताना वाटली होती तशी, आणि बुडणारा माणूस जे करतो तेच त्यांच्या हातून झालं. त्यांचे हात जुळले, डोळे मिटले, आणि अर्ध्या तालुक्याला ठाऊक असलेला तो आवाज मोठ्यानं म्हणाला,

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खाली काहीतरी धपाधप पडल्याचा आवाज आला. व्हय म्हणायला हात जोडावे लागतात, आणि हात जोडायचे तर हातातलं बोंड सोडावं लागतं. साडवलकरांनी डोळे उघडले नाहीत. ते नाटकातलं काहीच बोलत नव्हते. ते खरोखरच देवाशी बोलत होते, आणि इतक्या वर्षांत इथं राहून तोंडात बसलेली वाडीची बोली कधी आली तेही त्यांना कळलं नाही.

"ह्यो जावई तुज्या पायाशी हुबा हाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याची बोबडी वळलीय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"रावजीकाकांची मिशी त्याला नाय, रावजीकाकांचा गळा त्याला नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यांत मोठा झाला. हवालदारांनी टोपी डोक्यावर घालून हात जोडले होते आणि बोंडाचा रस त्यांच्या कानामागून ओघळत होता.

"पन रावजीकाका ज्या यंत्रात शिरलं, त्याच यंत्रातनं ह्यो भायेर आलाय. तुज्याच पदरात आलाय. त्याला दुसरा गाव नाय. त्याला आपला म्हन रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि मग पुढच्या रांगेत रावजी उठले. "थांबा!" त्यांचा खर्ज थरथरत होता. "गाऱ्हाना घालनारा ह्यो कोन? गावकाराबिगर गाऱ्हाना घालाचा हक कोनाला नाय! जावई हाय ह्यो!"

साडवलकरांनी डोळे उघडले. आपण काय करून बसलो ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. वाईट नट म्हणून बोंडं खाल्ली असती तर आंघोळीनं भागलं असतं. हा देवाचा मामला होता. वाडीच्या देवापुढं एका परक्यानं मानकऱ्याच्या जिभेनं बोलायचं! याला काय शिक्षा असते हेही त्यांना ठाऊक नव्हतं, कारण आजवर असं कोणी केलंच नव्हतं. विमला बायकांत उभी राहिली होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

यमुनाबाईनं मान वळवली. "रावजी, तू व्हय म्हाराजा बोल्लास का नाय?"

"ता सवयीनं बोल्लो."

"मी बाजूलाच हाय. सगल्यात मोट्यान तूच बोल्लास."

"मना काय ठावं ह्यो..."

"देवाला सवय-बिवय कलत नाय. बोल्लास तो बोल्लास. आनि ह्यो गावकार नसता तर देवानं आपली तोंडा उगडू दिली असती?" ती वाडीकडं वळली. "काय गो, आपला म्हन, असा त्यानं इचारला, नि आपुन काय बोल्लाव?"

बोललेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. रावजी हळूच बसले. यमुनाबाईनं पायाशी पडलेलं बोंड उचललं, पदरानं पुसलं आणि चावून खाल्लं.

"चला ओ परफेसर," ती म्हणाली. "फुडं बोला."

नाटक अत्यंत वाईट झालं, ते लपवण्यात अर्थ नाही. साडवलकरांनी दुसरा प्रवेश चौथ्याच्या जागी घेतला, शुक्रावरच्या राणीला "ताई" म्हटलं आणि शेवटी यंत्रात परत शिरताना झगा दारात अडकून अर्धा बाहेर राहिला. कोणी काही फेकलं नाही. पण पडदा पडल्यावर त्यांना सुटल्यासारखं वाटलं नाही. पडद्यामागं रावजी उभे होते.

साडवलकर पेटीला पाठ लावून उभे राहिले. पळायला मागचं दार उघडं ठेवतो म्हणणाऱ्यानं ते बंद करून घेतलं होतं. रावजी अगदी जवळ आले, मिशी थरथरली, आणि खर्ज फुटला.

"अरे भाड्या!"

साडवलकरांना आपल्या कानांवर विश्वास बसेना.

"मेल्या, हात कुटं ठेवला व्हतास शुक्रावर? खिशात? परफेसराला खिसा असतो? गाढवा, इतकी वर्सं मी त्या परफेसराला वाढवला नि तू येका संध्याकाळीत त्याचा कंडक्टर केलास! लाज वाटली नाय तुला, श्रीधऱ्या? उद्या सकाळच्याला माज्याकडं ये. चालाला शिकवतो. नाय आलास तर तंगडी मोडीन."

एवढं बोलून त्यांनी साडवलकरांच्या पाठीत असा काही रट्टा हाणला, की डोक्यावरची अँटेना खाली आली. मग ते खाकरून निघून गेले.

विमला धावत आत आली तेव्हा साडवलकर पेटीच्या दारात बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"लागलं का हो? काका काय म्हणाले?"

"विमल," साडवलकर पाठ चोळत म्हणाले, "काका मला भाड्या म्हणाले."

"खरंच?" विमला म्हणाली, आणि तिनं डोळ्याला पदर लावला.